तोंड आले म्हणून उपचार सुटता कामा नये!

कर्करोग म्हटला की आपल्या वस्त्यांतून दोनच प्रश्न विचारले जातात. पैसा किती लागला? आणि माणूस वाचला की गेला? या दोन प्रश्नांच्या मध्ये जे सहा-आठ महिने असतात, एका सलाईनपासून दुसऱ्या सलाईनपर्यंतचे जे दिवस रुग्णाला काढावे लागतात, त्यांची चर्चा होत नाही. केमोथेरपीने केस गळतात हे सर्वांना ठाऊक आहे, कारण ते दिसते. उलट्या होतात हेही ठाऊक आहे. परंतु तोंडाच्या आत काय होते ते कोणाला दिसत नाही. म्हणून घरचे विचारत नाहीत आणि रुग्णही सांगत नाही. केमोच्या काळात तोंडात होणाऱ्या या जखमांबद्दल आम्ही आज मुद्दाम लिहीत आहोत. गोरगरीब रुग्णाचा उपचार अर्धवट सुटण्याच्या कारणांत पैसा आहे, प्रवास आहे, बुडालेली मजुरी आहे. त्याच यादीत या जखमाही आहेत आणि त्यांच्यावरचा बराचसा इलाज स्वस्त आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी हे दुखणे समजून घेतले पाहिजे. कर्करोगाच्या पेशी झपाट्याने वाढतात. केमोची औषधे अशा झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवरच हल्ला करतात. परंतु शरीरात काही चांगल्या पेशीही तितक्याच वेगाने वाढत असतात. केसांच्या मुळाशी असणाऱ्या, रक्त तयार करणाऱ्या आणि तोंडापासून आतड्यापर्यंतच्या नाजूक अस्तराच्या. तोंडाचे अस्तर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत नवे होत असते. केमोने नवे अस्तर तयार होणे मंदावते आणि जुने झिजून जाते. मग तोंड लाल होते, आग होते, ओठांच्या आत, जिभेच्या कडेला, गालाच्या आत पांढरट जखमा होतात. पाणी गिळणेही कठीण होते. नेहमीच्या प्रमाणात दिल्या जाणाऱ्या केमोत दहापैकी दोन ते चार रुग्णांना हा त्रास होतो. फाइव्ह-एफयू, कॅपेसिटाबिन, मेथोट्रेक्सेट, लाल रंगाचे डॉक्सोरुबिसिन या औषधांत तो विशेष दिसतो. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगात केमोबरोबर शेक, म्हणजे रेडिएशन, चालू असेल तर जवळजवळ प्रत्येकालाच हा त्रास होतो आणि शेक संपल्यावरही काही आठवडे राहतो.

आता यातील खरी गोम पाहा. या जखमा केमो घेतली त्या दिवशी होत नाहीत. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान त्या सुरू होतात आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू भरत येतात. अनेक रुग्णांची केमो एकवीस दिवसांच्या अंतराने असते. म्हणजे डॉक्टर रुग्णाला पाहतात पहिल्या दिवशी आणि नंतर थेट बाविसाव्या दिवशी. मधल्या काळात रुग्ण असतो गावाकडे. यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात, बीडच्या एखाद्या तांड्यावर किंवा मुंबईतच गोवंडीच्या झोपडपट्टीत. त्याचे तोंड फाटलेले असते तेव्हा समोर डॉक्टर नसतो आणि डॉक्टर समोर येतो तेव्हा तोंड बरेचसे भरलेले असते. बाह्यरुग्ण विभागात तीनशे माणसांची रांग. डॉक्टर विचारतात, "काय मावशी, बरं आहे ना?" मावशी म्हणतात, "हो साहेब, बरं आहे." झाले! केसपेपरवर त्रासाची नोंद होत नाही. पुढची केमो तशीच दिली जाते आणि पुढच्या वेळी जखमा आणखी खोल होतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी मावशी घरच्यांना म्हणतात, आता मला तिकडे नेऊ नका. मग लोक म्हणतात, बाईने धीर सोडला. धीर सोडला की तिला कोणी विचारलेच नाही?

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, सोसू नका, सांगा. आपल्या आया-बहिणींना सोसण्याची सवय पिढ्यान्पिढ्या लावली गेली आहे. घरात सर्वांनी जेवल्यावर उरलेले खायचे आणि दुखले तरी बोलायचे नाही, यालाच आपण चांगुलपणा म्हणत आलो. कर्करोगाच्या उपचारात हा चांगुलपणा जिवावर बेततो. डॉक्टरांना सांगायचे ते नेमके सांगितले पाहिजे. एक साधी वही ठेवावी. केमो कोणत्या तारखेला झाली, तोंड कोणत्या दिवशी दुखू लागले, भाकरी किती दिवस खाता आली नाही, पाणी पिता येत होते का, ताप आला का, एवढ्या पाच गोष्टी लिहाव्यात. घरातील शाळेत जाणारे पोरही हे लिहू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने या जखमांच्या पायऱ्या ठरविल्या आहेत त्याही खाण्यावरूनच. पहिल्या पायरीवर तोंड लाल होऊन नुसते दुखते. दुसऱ्या पायरीवर जखमा असतात, पण घट्ट अन्न खाता येते. तिसऱ्या पायरीवर फक्त पातळ पदार्थ जातात. चौथ्या पायरीवर तोंडाने काहीच घेता येत नाही. म्हणजे "डॉक्टरसाहेब, सहा दिवस फक्त पेजेवर होते" हे एक वाक्य बोलले तरी डॉक्टरांना पायरी कळते आणि औषध बदलायचे, मात्रा कमी करायची की मध्ये काही आधार द्यायचा हे त्यांना ठरविता येते. सोय असेल तर मोबाईलवर तोंडाचा फोटो काढून ठेवावा. जखम भरली तरी फोटो राहतो.

दुसरी अडचण आपल्या भाषेतच आहे. या जखमांना आपण "तोंड आले" म्हणतो. तोंड तर कोणालाही येते! जागरण झाले, तिखट जास्त झाले, पोट साफ नसले की येते. त्यामुळे इलाजही तेच केले जातात. अंगातली उष्णता वाढली म्हणून सब्जा आणि गुलकंद, नाहीतर जाईचा पाला चघळणे, टाकणखार किंवा तुरटी लावणे. शेवटी मेडिकल दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांचे पाकीट. केमोमुळे आलेले तोंड हे उष्णतेने आलेले नसते. उघड्या जखमेवर तुरटी-टाकणखार चोळले तर आग वाढते आणि न धुतलेला पाला चघळला तर त्यावरचे जंतू थेट जखमेत जातात. गोळ्यांचेही तसेच. मेथोट्रेक्सेट किंवा कॅपेसिटाबिन चालू असताना फॉलिक अॅसिडची गोळी स्वतःच्या मनाने घेतली तर केमोच्या औषधाचा परिणाम बदलू शकतो, कधी त्रास वाढूही शकतो. तेव्हा दुकानदाराकडून गोळी घेताना केमो चालू असल्याचे सांगावे आणि रुग्णालयाला विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

मग करायचे काय? तयारी केमोच्या आधीच सुरू झाली पाहिजे. पहिल्या सलाईनपूर्वी एकदा दाताच्या डॉक्टरांना तोंड दाखवावे. किडलेला दात, तुटून टोकदार झालेली कड, पू धरलेली हिरडी यांचा बंदोबस्त आधी व्हावा. केमो सुरू झाल्यावर पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा दात काढणे धोक्याचे ठरते. मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर, येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तेथे कमी खर्चात हे काम होते. तंबाखू, गुटखा, मिश्री आणि दारू पूर्ण बंद केली पाहिजे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी कोठे मिळते हे वस्तीतल्या लहान मुलालाही ठाऊक असते. मिश्रीबद्दल तर आपण बोलतच नाही. दात घासण्याच्या नावाखाली कित्येक बायका ती दिवसातून चार वेळा लावतात. केमो चालू असताना फाटलेल्या तोंडात मिश्री जाणे म्हणजे जखमेवर निखारा ठेवणे होय.

केमो सुरू झाल्यावर तोंड स्वच्छ आणि ओले ठेवणे हाच मुख्य उपाय आहे. सर्वांत मऊ ब्रशने जेवणानंतर आणि झोपताना हळुवार दात घासावेत. ब्रश टोचत असेल तर तो कोमट पाण्यात बुडवून मऊ करावा किंवा स्वच्छ ओले कापड बोटाला गुंडाळून दात पुसावेत. राखुंडी, कोळसा, विटेची पूड यांना हात लावू नये. एक पेला उकळून कोमट केलेल्या पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार ते सहा वेळा गुळण्या कराव्यात. पाणी गिळू नये, थुंकून टाकावे. सोडा खाण्याचाच हवा, कपडे धुण्याचा नव्हे. बाजारात मिळणारी झणझणीत, अल्कोहोल असलेली माऊथवॉश वापरू नयेत. ओठांना साधे व्हॅसलीन लावावे. कवळी असेल तर ती जेवणापुरतीच घालावी आणि स्वच्छ धुवावी.

आणखी एक उपाय बर्फाचा आहे. फाइव्ह-एफयूसारखे औषध शिरेतून झटकन दिले जाते, तेव्हा पाच मिनिटे आधीपासून सुमारे अर्धा तास बर्फाचे तुकडे तोंडात घोळवले तर तोंडातील रक्तवाहिन्या आकसतात, अस्तरापर्यंत औषध कमी पोचते आणि जखमा कमी होतात. हे तपासून सिद्ध झालेले आहे आणि खर्च काहीच नाही. परंतु तो प्रत्येक औषधाला लागू पडत नाही. ऑक्सॅलिप्लॅटिन नावाच्या औषधात थंडाव्याने घशात आणि हातापायांत विचित्र त्रास होतो, तेथे बर्फ वर्ज्य आहे. म्हणून परिचारिकेला विचारूनच तो वापरावा. बर्फ पिण्याच्या पाण्याचा असावा, रसवंतीच्या लादीचा नको.

खाण्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगावी लागेल, कारण येथे रुग्णाची सर्वांत जास्त उपासमार होते. आपले जेवण म्हणजे भाकरी, ठेचा, झणझणीत कालवण. तोंड फाटलेल्या माणसाला यातले काहीच जात नाही. वेगळे करायला घरात वेळ नाही आणि पैसाही नाही, मग तो चहा-बिस्किटावर दिवस काढतो. चहाही गरमच! अन्न कोमट किंवा गार, मऊ, अळणी आणि आंबट नसलेले हवे. भाकरी दुधात किंवा बिनतिखटाच्या वरणात कुस्करून, मऊ गुरगुट्या भात, मुगाची खिचडी, नाचणीची पेज, उकडून कुस्करलेला बटाटा, केळे, रव्याची खीर. लिंबू, चिंच, टोमॅटो, पापड, चिवडा टाळावा.

पथ्याच्या नावाखाली मांसाहार बंद करण्याची जी टूम निघाली आहे तिला आमचा विरोध आहे. जखम भरायला प्रथिने लागतात. पूर्ण उकडून कुस्करलेले अंडे, काटे काढलेली मऊ मासळी, मटणाचा किंवा कोंबडीचा अळणी रस्सा हे आपले जुने आजारपणातले अन्न आहे आणि केमोच्या रुग्णाला ते चालते. फक्त ते पूर्ण शिजलेले आणि ताजे हवे, कच्चे-अर्धकच्चे नको. डॉक्टरांनी एखाद्या कारणाने मनाई केली असेल तर गोष्ट वेगळी. पण शेजाऱ्याने सांगितले म्हणून रुग्णाच्या ताटातले अंडे काढून घेणे हा अन्याय आहे.

दुखणे हाही उपचाराचाच विषय आहे. जेवणापूर्वी तोंड सुन्न करणारी जेल, वेदना कमी करणारी गुळणी, वेदनाशामक गोळ्या ही औषधे असतात, ती मागून घ्यावी लागतात. जखमा फार खोल असतील तर मॉर्फिनही दिले जाते. मॉर्फिनचे नाव ऐकताच लोक घाबरतात, व्यसन लागेल म्हणतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दुखण्यापुरते, ठरलेल्या मात्रेत घेतलेले औषध आणि व्यसन यांत फरक आहे. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याच्या जाचामुळे आपल्या देशात वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णांना मॉर्फिन मिळणे वर्षानुवर्षे मुश्कील होते. २०१४ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती होऊन ते रुग्णालयांना मिळणे सोपे करण्यात आले. कायदा बदलला, पण ज्याला त्याचा पत्ता नाही त्याच्यापर्यंत तो पोचला असे म्हणता येईल का?

काही खुणा मात्र अशा आहेत की तेथे एक रात्रही थांबू नये. केमो चालू असताना १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, थंडी वाजून आली, तर क्रोसिन घेऊन झोपू नये. ज्या दिवसांत तोंड फाटलेले असते, जवळपास त्याच दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशीही सर्वांत कमी असतात. जखमेतून जंतू रक्तात शिरतात आणि काही तासांत माणूस हातचा जाऊ शकतो. ताबडतोब उपचार करणाऱ्या रुग्णालयाला फोन करावा आणि जवळच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन "केमो चालू आहे" हे आधी सांगावे. दिवसभर पाणीही गेले नाही, लघवी कमी झाली, तोंडातून रक्त थांबत नाही, जिभेवर दह्यासारखा पांढरा थर आला, बरोबर जुलाब लागले, तरीही फोन करावा. पांढरा थर बहुधा बुरशीचा असतो आणि त्यावर औषध आहे. जे रुग्ण घरीच कॅपेसिटाबिनच्या गोळ्या घेतात त्यांनी विशेष जपावे. जखमांमुळे खाता येत नसेल तर पुढची गोळी घेण्याआधी रुग्णालयाला विचारावे. काही थोड्या माणसांच्या शरीरात हे औषध नीट मोडले जात नाही, त्यांना पहिल्या काही दिवसांतच भयंकर जखमा होतात. तेथे "कोर्स पूर्ण करायचा" हा हट्ट प्राणघातक ठरतो.

येथवर आम्ही जे लिहिले ते वाचून कोणी म्हणेल, सोपे आहे की! उकळलेले पाणी, मऊ भात, दिवसातून सहा गुळण्या. ज्याच्या घरी नळ, गॅस आणि मोकळा माणूस आहे त्याला ते सोपे आहे. परळचे टाटा रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. आज देशाच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण तेथे येतात, आणि राहायला जागा न मिळालेल्यांना आसपासच्या पदपथावर दिवस काढावे लागतात हे मुंबईकर रोज पाहतात. त्या पदपथावर पाणी कशावर उकळायचे? गुळण्या कोठे थुंकायच्या? अळणी भात कोण शिजवणार? दानशूर माणसे अन्नाची पाकिटे वाटतात ही चांगली गोष्ट आहे, पण त्यात बहुधा तिखट भाजी आणि पुरी असते. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आसरा देते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या स्वाधीन करणाऱ्या त्या महापुरुषाला निवाऱ्याचे मोल ठाऊक होते. परंतु धर्मशाळांच्या खोल्या मोजक्या आणि रुग्ण अगणित. ही जबाबदारी दानधर्मावर सोडून शासनाला मोकळे होता येणार नाही.

महात्मा फुल्यांचे नाव २०१७ मध्ये ज्या जन आरोग्य योजनेला दिले गेले तिच्यातून केमोचा खर्च भागतो. रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटून शिधापत्रिका आणि ओळखपत्र दाखवून तिचा लाभ प्रत्येकाने घ्यावा. धर्मादाय रुग्णालयांत २००६ च्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव आहेत, त्याही मागून घ्याव्यात. आमची मागणी याच्या पुढची आहे. केमो देणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने पहिल्या सलाईनपूर्वी दंततपासणी करावी. प्रत्येक फेरीला बॅटरी लावून तोंड पाहावे आणि मधल्या दिवसांचा त्रास विचारून केसपेपरवर लिहावा. सोप्या मराठीतला एक कागद आणि रात्री-बेरात्री उचलला जाणारा एक फोन नंबर रुग्णाच्या हातात द्यावा. सोडा, मीठ, मऊ ब्रश आणि सुन्न करणारी जेल केमोबरोबरच मोफत मिळावी. हजारो रुपयांचे औषध शिरेतून देणाऱ्या व्यवस्थेला पन्नास रुपयांचे औषध तोंडासाठी देता येऊ नये?

आणि चळवळीतील कार्यकर्त्यांनाही आमचे सांगणे आहे. केरळात कोझिकोड येथे १९९३ मध्ये काही डॉक्टरांनी वेदनाग्रस्त रुग्णांसाठी काम सुरू केले. पुढे त्यात शेजारपाजारची साधी माणसे शिकून उतरली आणि २००८ मध्ये त्या राज्याच्या सरकारला यासाठी स्वतंत्र धोरण आखावे लागले. ते काम आपल्या वस्तीतील मंडळाला का जमू नये? वर्गणी काढून मिरवणूक काढणारे तरुण आपल्याकडे आहेत, महिला मंडळे आहेत, निवृत्त परिचारिका आणि कर्मचारी आहेत. वस्तीत केमो चालू असलेले रुग्ण किती, याची यादी करावी. पाचव्या दिवसापासून पंधराव्या दिवसापर्यंत रोज एकाने त्यांच्या घरी जाऊन तोंड कसे आहे, काय खाल्ले, ताप आहे का, एवढेच विचारावे आणि वहीत लिहावे. एक थर्मामीटर मंडळाने विकत घ्यावे. पुढच्या तारखेला रुग्णाबरोबर शिकलेला एक जण जावा आणि "बरं आहे साहेब" या उत्तरानंतर वही उघडून डॉक्टरांसमोर ठेवावी. ६ डिसेंबरला दादरला आरोग्य शिबिरे लागतात, लाखो लोक पुस्तके विकत घेऊन जातात. त्या दिवशी या विषयावरचा एक पानी कागद हजारो घरांत पोचू शकतो.

बाबासाहेबांनी १९२० मध्ये पहिले पत्र काढले त्याचे नाव "मूकनायक" ठेवले, कारण ज्यांना बोलू दिले गेले नाही त्यांचे म्हणणे मांडायचे होते. आज आपल्याच घरात एक माणूस तोंड दुखते म्हणून बोलत नाही आणि बोलत नाही म्हणून त्याचे औषध सुटते. त्याच्या वतीने विचारणे हे चळवळीचेच काम आहे. येत्या रविवारी आपल्या वस्तीतील अशा एका घरी जाऊन यावे आणि वहीचे पहिले पान लिहावे, एवढी आमची विनंती आहे. जयभीम!